पाचट पेटवायला परवानगी कुठं मिळते? तहसीलला का ग्रामपंचायतीत?

खोडवा_चार_एकर
राम राम मंडळी. बीड जिल्ह्यात गोदावरीच्या पट्ट्यात आमचा चार एकर ऊस आहे, परवा तोडणीची टोळी फड उरकून गेली आणि आता वावरात गुडघ्याएवढं पाचट (उसाचा वाळला पाला) पडलंय. दरवर्षी आबा दिवस मावळायला काडी लावतात, सकाळी वावर काळंभोर, लगेच पाणी सोडायचं, विषय संपला. यंदा पारावर कुणीतरी सांगितलं की आता जाळायला परवानगी लागते, नाहीतर पंधरा हजार दंड, आणि सॅटेलाईटवरून दिसतं म्हणे. मी ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणले तहसीलला जा. तहसीलला गेलो तर म्हणले कृषी सहायकाला विचारा. त्यांना फोन लावला तर "जाळूच नका" एवढंच बोलून फोन ठेवला. आता नेमका कागद कुणाकडून काढायचा, त्याचा नमुना असतो का, फी किती, कुणाला म्हाईत असंल तर सांगा. आबा घाई करायलेत, पाण्याची पाळी आठ दिवसावर आलीय.

बालाघाटी
नमुना ७/१२ माहिती आहे, नमुना ८-अ माहिती आहे, पाचटाचा नमुना पहिल्यांदाच ऐकायलोय 😄

पाथरीकर_काका
काय परवानगी न काय. आमच्या बापजाद्यापासून पेटवतो. रान आपलं, पाचट आपलं, काडीपेटी आपली. फक्त वारं बघून पेटवायचं आणि चौबाजूनं माणसं उभी करायची. हे दंडबिंड पंजाब-हरियाणाकडलं आहे, टीव्हीवर बघून लोकं घाबरायलेत.

कोर्टकचेरी
काका अर्धे बरोबर आहेत, अर्धे नाहीत. मी अंबाजोगाईला वकिली करतो, आगीच्या बऱ्याच भानगडी हाताखालून गेल्यात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या पंधरा हजाराचं. हा आकडा हरित लवादाच्या डिसेंबर २०१५ च्या आदेशातला आहे. दोन एकराच्या आत २५००, दोन ते पाच एकर ५०००, पाच एकराच्या वर १५००० असा. पण तो आदेश दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्यासाठी होता, पुढं नोव्हेंबर २०२४ मधे केंद्रानं तिकडचे आकडे दुप्पट केले, म्हणजे ५०००, १०००० आणि ३००००. व्हॉट्सॅपवर तोच तक्ता फिरत फिरत आपल्याकडं आला. चार एकराला त्या तक्त्याप्रमाणंसुद्धा पंधरा हजार बसत नाहीत, पण पारावर आकडा नेहमी मोठाच येतो.

आता परवानगी. दादा, स्वतःच्या वावरातलं पाचट जाळण्याची परवानगी असा कागद मी तरी इतक्या वर्षात कधी बघितला नाही. म्हणून तर तुम्हाला तीन ठिकाणी फिरवलं, त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं. काही देशात शेतकऱ्याला जाळायच्या आधी अग्निशमनवाल्याकडून तारखेचं परमिट घ्यावं लागतं, त्या दिवशी वारं जास्त असलं तर परमिट रद्द होतं. आपल्याकडं तसली खिडकीच नाही. आपल्याकडं एकतर मनाई असते नाहीतर सगळे गप्प असतात. मनाई कधी, तर जिल्हाधिकाऱ्यांनी तसा आदेश काढला असंल तर (पूर्वीचं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३), किंवा १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम १९ खाली राज्य सरकारनं अधिसूचना काढून एखादा जिन्नस जाळायला बंदी केली असंल तर. म्हणून तहसीलला "परवानगी द्या" असं विचारू नका, "जिल्ह्यात सध्या जाळायला मनाईचा आदेश चालू आहे का" असं लेखी विचारा. त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि काका, खरी गोम पुढं आहे. पाचट तुमचं, काडी तुमची, पण आग धुऱ्यावर (बांधावर) थांबत नाही. निष्काळजीपणानं आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर न्याय संहितेचं कलम २८७, सहा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याच्या पिकाला लागणार हे माहीत असून पेटवलं असं सिद्ध झालं तर ३२६, तिथं गोष्ट सात वर्षापर्यंत जाते. वर दिवाणीत नुकसानभरपाईचा दावा वेगळा. "दरवर्षी पेटवतो" हे बचावात सांगायला जाऊ नका, त्याचा अर्थ असा होतो की धोका तुम्हाला माहीत होता.

खोडवा_चार_एकर
आयला. वकीलसाहेब हे कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या खालच्या अंगाला चुलत्याचा दोन एकर केळीचा प्लॉट आहे, ठिबकवर.

बालाघाटी
मग केळी अर्धी कच्ची अर्धी भाजलेली मिळंल 😄 वकीलसाहेब एक शंका, हुरड्याच्या आगटीला परवानगी लागंल का? पुढच्या पंधरवड्यात पुण्याचे पाव्हणे यायलेत.

कोर्टकचेरी
हसू नका, कायद्यात तुमच्या हुरड्याची सोय आहे. कलम १९ मधे बंदी घालता येते ती "इंधन नसलेल्या" वस्तू जाळण्यावर. गोवऱ्या हे इंधन. त्यामुळं आगटी पेटवा, पाव्हण्यांना सुरती हुरडा खाऊ घाला, सोबत शेंगदाण्याची चटणी ठेवा. फक्त पाव्हण्यांच्या थर्माकोलच्या प्लेटा नंतर त्याच आगटीत टाकू नका, मग गोष्ट बदलते.

धुरा_नंबर_सात
मी या विषयावर लिहिणार नव्हतो पण लिहितो. तीन वर्षाखाली मार्च महिन्यात दुपारी बारा-साडेबाराला शेजाऱ्यानं (भावकीतलाच) तुरकाट्या गोळा करून धुऱ्यावर पेटवल्या. एवढासा ढीग. पेटवला आणि जेवायला घरी गेला. दुपारचं वारं सुटलं, धुऱ्यावरचं कुसळी गवत पेटलं आणि तिथून माझ्या आंब्यात आलं. सात वर्षाची केशरची झाडं, चाळीसातली अठ्ठावीस गेली, ठिबकचे लॅटरल वितळून जमिनीला चिकटले, स्टार्टरची पेटी जळाली, कडब्याची गंजी गेली. मी तेव्हा लग्नाला होतो, फोन आला तेव्हा अर्धं जळालं होतं. अग्निशमनची गाडी निघाली म्हणून सांगितलं, ती पोचली तेव्हा विझवायला राख होती. गाडीवाल्याचाही दोष नाही, तालुक्याला एक गाडी, तीस किलोमीटर, त्यात शेवटचा रस्ता पाणंदीचा.

मग पंचनामा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तिसऱ्या दिवशी आले. तोवर आम्ही जळालेले पाईप गोळा करून बाजूला टाकलेले, ती मोठी चूक. ज्याला कुणाला असं होईल त्यानं पंचनामा होईपर्यंत काडीही हलवू नका आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, झाडाजवळ उभं राहून, गट नंबरची खूण दिसंल असा. मदत शून्य मिळाली. पीक विम्यात आग म्हणजे वीज पडून लागलेली आग, माणसानं लावलेली नाही. शेजाऱ्यावर केस करायची तर म्हातारीनं हात धरला, म्हणली एका बुडाची दोन फांद्या आहेत. पोलिसात गेलो नाही. त्यानं पंचवीस हजार द्यायचं कबूल केलं, सहा दिले. आज बोलणं बंद आहे. झाडं परत लावलीत, ती आता कंबरंएवढी झालीत.

म्हणून परवानगी सोडा. शेजाऱ्याला एक दिवस आधी सांगता का, एवढंच मला विचारायचंय.

पाथरीकर_काका
वाईट वाटलं वाचून. दुपारी बाराला पेटवणारा शेतकरीच नाही तो. सांजच्याला वारं पडल्यावर पेटवायचं, आणि वारं जिकडं चाललंय त्या टोकाकडून पेटवायचं म्हणजे आग मागं मागं सरकत जाते, धावत नाही. कडेनं आठ-दहा फुटाचा पट्टा नांगरून ओला करून घ्यायचा. डीपी आणि तारंखाली तर कधीच नाही.

चिंकारा
पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्याकडं ऊस नाही पण बांध पेटवायची सवय लै. उन्हाळ्यात बांध पेटवला की पावसाळ्यात गवत चांगलं फुटतं अशी समजूत. डोंगराला लागून वावर असलेल्यांनी नीट ऐका, वनजमिनीचा कायदा वेगळा आणि कडक आहे. १९२७ चा भारतीय वन अधिनियम, कलम २६, राखीव जंगलात आग लावणं तर गुन्हा आहेच पण जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणं हाही गुन्हा आहे. म्हणजे बांध तुमचा असला तरी आग चालत डोंगरात गेली की तुम्ही आरोपी. आणि जंगलाला आग लागलेली दिसली तर ज्यांचे त्या जंगलात चराईचे वगैरे हक्क आहेत त्यांनी कळवायचं आणि विझवायला मदत करायची हे कलम ७९ मधे आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत वनखात्याचे लोक जाळरेषा (आग पुढं जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढण्यात आणि वणवे विझवण्यात असतात, हंगामी मजूर हातात ओल्या फांद्या घेऊन पळतात. टिटवीची, तितराची, लांडोरीची अंडी जमिनीवर असतात. एका बांधाच्या आगीत किती जातात ते राखेत फिरल्यावर कळतं.

सॅटेलाईटचं विचारलंय म्हणून सांगतो. नासाचं फर्म्स नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट, कुणीही बघू शकतं. त्यातले लाल ठिपके म्हणजे उपग्रहाला दिसलेली उष्णता. तो उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला जातो. एका ठिपक्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकराचा. त्यामुळं "अमक्याच्या गट नंबरात पेटलं" असं नुसत्या ठिपक्यावरून ठरत नाही, माणसाला जाऊन बघावं लागतं. भारतीय वन सर्वेक्षणही जंगलातल्या आगीचे मेसेज मोबाईलवर पाठवतं, नोंदणी करता येते. आमच्या गावातल्या चार पोरांनी केलीय.

बालाघाटी
म्हणजे सांजच्याला पेटवून रात्री दीडच्या आत विझवलं की नासाला पण कळत नाही. काका तुमची पद्धत लै आधुनिक निघाली.

चिंकारा
नासाला नाही कळलं तरी शेजारच्या खोकणाऱ्या म्हातारीला कळतंय ना भाऊ.

तिसरा_मजला
शेतीवाल्यांच्या धाग्यात शहरातली बाई घुसते म्हणून माफ करा. मी संभाजीनगरला राहते. माझ्या मुलीला दमा आहे आणि आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर रोज सकाळी साडेसहाला कडुनिंबाचा पाला, प्लास्टिक पिशव्या, डायपर सगळं एकत्र करून पेटवतात. शेतकऱ्याला निदान पाणी द्यायची घाई असते, इथं झाडलोट करणाऱ्या माणसाला फक्त ढीग उचलायचा कंटाळा. २०१८ ला नारेगावच्या लोकांनी डेपोवर कचऱ्याच्या गाड्या अडवल्या (त्यांचं बरोबरच होतं, तीसेक वर्ष त्यांनी वास घेतला) तेव्हा शहरात महिनोंमहिने ढीग पडले आणि गल्लोगल्ली लोकांनी स्वतःच कचरा पेटवला. ती सवय तेव्हा लागली ती सुटलीच नाही. आणि केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातली संभाजीनगर, जालना, लातूर अशी तीन शहरं आहेत, तरी ही गत.

वकीलसाहेब, कचऱ्याला तरी काही ठोस नियम आहे का?

कोर्टकचेरी
ताई, कचऱ्याचा नियम पाचटापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. हरित लवादानं डिसेंबर २०१६ मधे उघड्यावर कचरा जाळायला पूर्ण देशात बंदी केली, डेपोवरसुद्धा. साध्या प्रकाराला पाच हजार, मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार. २०१६ च्या घनकचरा नियमातही कचरा टाकणं, जाळणं, पुरणं मना केलं. इथं परवानगीचा प्रश्नच येत नाही, कुणीही ती देऊ शकत नाही, खुद्द नगरपालिकाही नाही. तक्रार लेखी करा, तीन-चार दिवसाचे तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा आणि पोच घ्या. पेटवणाऱ्या गड्याचं नाव घालू नका, तो रोजंदारीवर आहे. प्लॉटचा मालक आणि त्या भागाचा स्वच्छता निरीक्षक, असं लिहा.

तिसरा_मजला
हे शेवटचं सांगितलंत ते बरं केलंत. मी त्या माणसाशी दोनदा भांडले, नंतर कळलं की ढीग उचलायला गाडीच येत नाही आणि ढीग दिसला की त्याचाच खाडा लावतात.

गोदाकाठ
धागा भरकटला थोडा, मूळ दादाकडं येतो. मी पैठणच्या खालच्या अंगाला, बरीच वर्ष झाले पाचट पेटवलं नाही. माझ्या वडलांचं पण काकांसारखंच होतं. बदल कशानं झाला सांगतो. २०१६ चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. आमची बोअर दिवसाला पाऊण तास चालायची. मी एका एकरात आळसानं पाचट तसंच ठेवलं होतं, मजूर मिळाला नाही म्हणून, काही शहाणपणानं नाही. शेजारच्या पेटवलेल्या वावरात बारा दिवसाला जमीन तडकायची, माझ्या पाचटाखाली हात घातला की अठराव्या दिवशीपण ओल लागायची. जूनपर्यंत तो खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस) हिरवा राहिला. तिथून पेटवणं बंद.

आता हिशेब. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातलं नत्र आणि सगळा सेंद्रिय कर्ब धूर होऊन जातो, राखेत थोडं पालाश उरतं ते वाऱ्यानं शेजाऱ्याच्या वावरात. ठेवायचं असंल तर अशी पद्धत आहे. पहिलं, बुडख्यावरचं पाचट ओढून सरीत लोटा. हे नाही केलं तर उगवण मार खाते आणि मग लोक म्हणतात पाचटानं खोडवा गेला. दुसरं, बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, वरचे डोळे फुटले तर कोंब कमजोर येतो. छाटल्यावर बुरशीनाशकाची फवारणी. तिसरं, एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात कालवून पाचटावर टाका आणि पाणी द्या. युरिया का, तर कुजवणारे जिवाणू नत्र खातात, ते दिलं नाही तर उसाचं खातात आणि ऊस पिवळा पडतो. कुट्टी मशीन मिळालं तर सोन्याहून पिवळं, बारीक तुकडे लवकर कुजतात. महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) यांत्रिकीकरणात अर्ज होतो, पण पहिल्या वर्षी भाड्यानंच आणा, गावात दोन-तीन जण मिळून.

पाथरीकर_काका
आणि उंदरं? पाचट ठेवलं की उंदीर आणि सापाचं गोकुळ होतंय. रात्री पाणी धरायला तू जातो का लेका मी जाऊ? लाईट येते रात्री दोनला.

गोदाकाठ
काका उंदीर होतात, खोटं बोलत नाही. पहिल्या दोन महिन्यात जास्त. गमबूट आणि बॅटरी लागते. पण हे म्हणून सगळं जाळायचं हे मला पटत नाही.

पाथरीकर_काका
पटत नाही तर नको पटू. मी एकराभरावर करून बघीन. एकरच.

सरकी_वेचा
जालना जिल्हा, कापूसवाला. आमचं दुखणं वेगळंय. २०१७ ला शेंदरी बोंडअळीनं वाट लावली तेव्हापासून सांगतात की डिसेंबरपर्यंत कापूस संपवा, फरदड (तेच पीक पुढं लांबवून घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी (कापसाच्या काड्या) शेतात नाहीतर बांधावर रचून ठेवू नका, किडकी बोंडं नष्ट करा. "नष्ट करा" म्हणजे काय करायचं? एका मेळाव्यात साहेब म्हणले नष्ट करा, दुसरे साहेब म्हणले जाळू नका. आमच्या बायका पऱ्हाटी चुलीला वापरतात, मे महिन्यापर्यंत दारात गंजी असते, अळी पण तिथंच झोपलेली असते. श्रेडर फिरवला तर काडीचा भुगा होतो हे खरं, पण मोठ्या ट्रॅक्टरला जोडायचा श्रेडर गावात एक, नंबर लागायला पंधरा दिवस.

गोदाकाठ
किडकी बोंडं तेवढी वेचून एका खड्ड्यात जाळा, तो पसाभर ढीग आणि चार एकर पेटवणं यात फरक आहे. बाकीच्या काडीची श्रेडरनं कुट्टी करून कंपोस्ट.

धागाराखण
बोंडअळीवर वेगळा धागा काढा मंडळी. आणि वर एक प्रतिसाद उडवलाय, कुणीतरी शेजाऱ्याची सोयाबीनची बनीम (कापून रचलेली गंजी) कशी पेटवावी यावर विनोद केला होता. दरवर्षी खळ्यातल्या बनिमी पेटवल्याच्या बातम्या येतात, वर्षभराची कमाई तासात जाते. इथं तो विनोद चालणार नाही.

धुरा_नंबर_सात
धन्यवाद राखणदार.

उसाचा_मुकादम
टोळीवाल्याची पण बाजू ऐका. काही शेतकरी तोडीच्या आधीच फड पेटवतात म्हणजे पाला जळतो आणि तोड लवकर होते. कधी टोळीच म्हणते पेटवा, पाला कापत नाही, सापाची भीती नाही. पण जळका ऊस लगेच गेला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात, कारखाना जळीत म्हणून पैसे कापतो, आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जळाले की आमच्या बैलानं काय खायचं? आमच्या बायामाणसं दिवसभर त्या काजळीत मोळ्या वाहतात, रात्री पोरांना पाजताना अंग काळं असतं.

आणि तारंच्या ठिणगीनं फड पेटला तर तो वेगळा विषय. तेव्हा पंचनाम्यासोबत विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, तो नसला तर भरपाईचा कागद हालत नाही. लोंबकळणाऱ्या तारंची तक्रार आधी लेखी देऊन ठेवलेली असली तर कामी येते.

खोडवा_चार_एकर
मंडळी, उशीर झाला लिहायला. झालं ते सांगतो. वकीलसाहेबांनी सांगितलं तसा तहसीलला लेखी अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर अजून आलं नाही. आबांना हा धागा वाचून दाखवला. २८७ कलमावर काही बोलले नाहीत, केशरच्या अठ्ठावीस झाडावर मात्र "आरारा" म्हणले आणि चुलत्याच्या केळीकडं बघत बसले. शेवटी तोड अशी निघाली की केळीकडल्या अडीच एकरात कुट्टी, वरच्या दीड एकरात आबांच्या मनासारखं. कुट्टीवाला शेजारच्या गावचा, तासावर घेतो, अडीच एकराला पाच तास लागले.

दीड एकर पेटवायच्या आदल्या दिवशी आबा स्वतः चुलत्याकडं सांगायला गेले. दोन वर्ष जाणं-येणं नव्हतं. तिथं चहा झाला म्हणे. पेटवताना चुलता स्वतःचा टँकर घेऊन धुऱ्यावर उभा होता, दहा फुटाचा पट्टा नांगरून दोनदा भिजवला, सात वाजता लावली, पावणेआठला खलास. तरी एकदा वावटळ आली तेव्हा आबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता गोदाकाठ दादा, कुट्टीच्या अडीच एकरात कोंब चांगले दिसायलेत पण खालच्या सरीत उंदरांनी बिळं केलीत, मोजली तर बावीस भरली. आबा रोज सकाळी मला नेऊन दाखवतात. काय करावं?

गोदाकाठ
बावीस म्हणजे जास्त नाहीत. आधी सगळी बिळं मातीनं बुजवा, दुसऱ्या दिवशी जी उघडी दिसतील तेवढीच चालू बिळं, औषध फक्त त्यात. शेताच्या कडेला टी आकाराच्या काठ्या रोवा, रात्री घुबडं बसतात.

पाथरीकर_काका
उघडी किती निघाली ते कळव रे. माझा एकर त्यावर अडलाय.